फलकावर न उमटलेलं मत : मिशिगन प्रतिनिधीगृहाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, नोव्हाय (मिशिगन)

आजपासून कामाला हात घातला: मिशिगनच्या प्रतिनिधीगृहात कोण किती वेळा आपल्या पक्षासोबत मत देतो, ते मोजायचं. गेल्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या टेबलापाशी एका काकूंनी विचारलं होतं, "अगं, आपला इथला आमदार स्वतःच्या बुद्धीने मत देतो, की पक्ष सांगेल तिथे बोट ठेवतो?" मला उत्तर देता आलं नाही. पंधरा वर्षं या राज्यात राहून, दर निवडणुकीत मत देऊनही एवढं सांगता येऊ नये, ही टोचणी तेव्हापासून आहे.

मंडळात हा विषय अधूनमधून निघतो, त्याला ठाणेदारांचं निमित्त असतं. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०२१-२२ मध्ये डेट्रॉइटमधून याच प्रतिनिधीगृहात होते आणि तिथून पुढे अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर गेले. आपल्या माणसामुळे राज्याची राजधानी लॅन्सिंगचं नाव घरोघरी झालं. पण तिथे मतदान चालतं कसं, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नाही.

काम तिघांत वाटलंय. वहिनी आकडेवारीत मुरलेली आहे. लेक कॉलेजात संगणक शिकतोय, तो प्रोग्रॅम लिहिणार. वाचन आणि पडताळणी माझ्याकडे.

हद्द ठरवली: ११० जणांचं प्रतिनिधीगृह, २०२३-२४ ची मुदत. ३८ जणांचं सिनेट आत्ता नको. ही मुदत घेण्याचं कारण एकच, ५६ विरुद्ध ५४. जवळजवळ चाळीस वर्षांनी दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद एकाच वेळी डेमोक्रॅटांकडे आलं, तेही काठावरच्या बहुमताने. इथे विधेयक मंजूर व्हायला हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही. निवडून आलेल्या आणि पदावर असलेल्या एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५६ मतं लागतात. बहुमतवाल्यांतला एक जण हलला आणि पलीकडून कोणी आलं नाही, तर विधेयक अडलंच. पक्षासोबत कोण किती राहतं, हे पाहायला याहून चांगली दोन वर्षं मिळणार नाहीत.

११ जानेवारी

सभागृहाचं रोजचं इतिवृत्त उतरवून घेतोय. मिशिगनच्या राज्यघटनेनेच सांगितलंय की विधेयकाच्या अंतिम मंजुरीला कोणी काय मत दिलं, ते नावानिशी इतिवृत्तात आलं पाहिजे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटतं. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजीच मंजूर झाला होता. त्या दिवशी कोण 'होय' म्हणालं आणि कोण गप्प राहिलं, हे कागदावरून कधीच काढता येणार नाही. इथे तो कागद आहे. तो असताना कोणी मोजायचे कष्ट घेऊ नयेत, हे मला पटत नाही.

अडचण छपाईची आहे. नावं रकान्यांत असतात आणि मजकूर काढला की रकाने एकमेकांत घुसतात. शिवाय नुसती आडनावं. कार्टर दोन आहेत, ब्रेंडा आणि टायरोन, दोघंही डेमोक्रॅट. आद्याक्षर निसटलं की एकाचं मत दुसऱ्याच्या खात्यावर जातं. बेसन, बेझॉट, बिगोल ही नावंही डोळ्यांना चकवतात. लेकाला सांगितलंय, आडनावावर भागवू नकोस, मतदारसंघाचा क्रमांक लाव.

१२ जानेवारी

रात्री साडेअकराला लेकाने हाक मारली. "आई, इकडे ये. सगळ्यात मोठी बंडखोर सापडली."

पडद्यावर पहिलं नाव लॉरी पोहुत्स्की यांचं. डेमोक्रॅट, आणि सभापती नसताना आसनावर बसणाऱ्या त्याच. त्या दर दुसऱ्या मताला पक्षाविरुद्ध? मला पटेना. एक मत घेऊन कागदाशी ताडलं. इतिवृत्तात विरोधी मतं ५३ छापलेली, आमच्या यादीत नावं ५४. चोपन्नावं नाव पोहुत्स्कींचं, आणि समर्थनाच्या यादीतही त्या होत्याच.

उलगडा व्हायला अर्धा तास गेला. दर मतदानाच्या शेवटी, विरोधी मतांच्या यादीखाली एक ओळ असते: आसनावर कोण होतं. तिथे त्यांचं नाव. प्रोग्रॅमने तेही विरोधकांत धरलं. ज्या बाई सभागृह चालवत होत्या, त्या आमच्या तक्त्यात फुटीर ठरल्या होत्या. हा तक्ता उद्या कोणाच्या हातात पडला असता तर? पोटात गोळा आला.

नियम केला: छापलेली बेरीज आणि मोजलेली नावं जुळली नाहीत, तर ते मतदान तक्त्यात जाणार नाही. आधी हाताने तपासायचं.

१८ जानेवारी

आजचा सगळा दिवस एका प्रश्नात गेला. कुठली मतं धरायची?

सगळी धरली तर प्रत्येक जण पक्षनिष्ठ दिसतो. कारण ढीगभर मतदानं जवळपास एकमताने होतात: रस्त्याला कोणाचं नाव, परवान्याच्या नियमातली दुरुस्ती. तिथे दोन्ही पक्ष एका बाजूला असतात. समजा शंभर मतदानांपैकी ऐंशी अशी आहेत आणि उरलेल्या वीसपैकी दहा वेळा एखादा सदस्य पक्षाविरुद्ध गेला. एकूण हिशेबात तो ९० टक्के निष्ठावान, आणि जिथे खरी ओढाताण होती तिथे ५० टक्के. माणूस तोच, मतं तीच. फक्त कशाने भागलं, तेवढं बदललं.

म्हणून निकष लागतो. हार्वर्डच्या लॉवेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कडक मोजमाप लावलं होतं: एका पक्षाचे नव्वद टक्के एकीकडे आणि दुसऱ्याचे नव्वद टक्के दुसरीकडे, तरच ते 'पक्षाचं मतदान'. आजची प्रचलित पद्धत सैल आहे. दोन्ही पक्षांची बहुसंख्या एकमेकांविरुद्ध उभी असली की पुरे.

वहिनी म्हणाली, वाद घालत बसण्यापेक्षा एक दिवस घेऊन दोन्ही निकष लावून पाहू. दिवस निवडला ८ मार्च २०२३. इतका भरलेला दिवस त्या दोन वर्षांत क्वचितच असेल.

त्या दिवशी कामगार संघटनांच्या जिव्हाळ्याचं विधेयक आलं. संघटनेची वर्गणी न भरताही तिच्या कराराचा लाभ घेता येईल, असा २०१२ चा कायदा रद्द करायचा होता. निकाल ५६ विरुद्ध ५३. एकही इकडचा तिकडे नाही. बंदूक खरेदीआधी सगळ्यांचीच पूर्वतपासणी करण्याचं विधेयक, तेही ५६-५३. त्याच दिवशी नागरी हक्कांच्या कायद्यात लैंगिक कल आणि लिंगओळख यांना संरक्षण देणारी दुरुस्ती आली. तिथे निकाल ६४ विरुद्ध ४५. सगळे ५६ डेमोक्रॅट आणि त्यांच्या जोडीला आठ रिपब्लिकन.

आता निकष लावा. तिसऱ्या मतदानात रिपब्लिकनांपैकी ५३ जणांनी मत दिलं, ४५ विरोधात, म्हणजे जेमतेम ८५ टक्के. सैल निकषाने हे पक्षाचं मतदान, लॉवेलच्या निकषाने नाही. कडक निकष लावला तर हे मतदान हिशेबातूनच जातं आणि त्या आठ जणांनी पक्षापासून वेगळं होऊन दिलेलं मत तक्त्यात कुठेच दिसत नाही. जे मोजायला बसलो तेच गाळून टाकायचं? आम्ही सैल निकष घेतला.

आणखी एक मोजमाप आहे, स्टुअर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात रूढ केलेलं. पक्षाच्या 'होय' आणि 'नाही'तला फरक काढायचा, एकूण मतांनी भागायचा आणि शंभराच्या पटीत मांडायचा. त्या दुरुस्तीवर रिपब्लिकनांची एकजूट ४५ वजा ८, भागिले ५३, म्हणजे सुमारे ७०. डेमोक्रॅटांची १००. हे माणसाचं नाही, पक्षाचं माप झालं. शेजारी एक रकाना त्यालाही दिला.

एक गोष्ट इथे लिहून ठेवावीशी वाटते. १९७६ चा हा मूळ नागरी हक्क कायदा इथे दोन जणांच्या नावाने ओळखला जातो, एलियट-लार्सन. डेझी एलियट डेमोक्रॅट, मेल लार्सन रिपब्लिकन. दोन पक्षांचे दोघं, एका कायद्यावर दोघांची नावं.

२६ जानेवारी

नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन डेमोक्रॅट प्रतिनिधी आपापल्या शहरांचे महापौर म्हणून निवडून आले आणि त्यांनी जागा सोडल्या. सभागृह ५४-५४ झालं. १६ एप्रिल २०२४ च्या पोटनिवडणुकीत दोन्ही जागा डेमोक्रॅटांनी राखल्या. मधल्या पाच महिन्यांत बहुमत ५५ चं, आणि ते कोणाकडेच नव्हतं. पक्षाच्या बळावर काही करता येत नसल्यामुळे दोघांना चालेल तेवढंच फलकावर येणार. या काळातली टक्केवारी आधीच्या काळात मिसळली तर खिचडी होते. तीन तुकडे केले: बरोबरीच्या आधीचा काळ, बरोबरीचा काळ, नंतरचा काळ.

२ फेब्रुवारी

आज थोडंच काम झालं. विधेयक मंजूर झालं तरी लगेच लागू करायचं असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात, नाहीतर अधिवेशन संपल्यावर नव्वद दिवस थांबायचं. कामगार संघटनांचं ते विधेयक मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर व्हिटमर यांनी सही करूनही १३ फेब्रुवारी २०२४ ला लागू झालं, ते यामुळेच. अल्पमतातल्या पक्षाच्या हातातलं हे मोठं हत्यार. पण प्रतिनिधीगृहात हे 'तातडीने लागू'चं मत बरेचदा नावानिशी नोंदलंच जात नाही. २०१२ मध्ये डेमोक्रॅट अल्पमतात असताना यावरून कोर्टात गेले होते. तेव्हा आपलं आवाजी मतदान इथेही आहे, फक्त कमी जागी. हा भाग तक्त्याबाहेर ठेवावा लागला.

१५ फेब्रुवारी

या आठवड्यात एक दिवस सुट्टी टाकून लॅन्सिंगला गेले. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग. कॅपिटॉलची इमारत १८७९ ची, घुमटाखाली काचेच्या फरशा. प्रेक्षक सज्जात माझ्याशिवाय शाळेची एक सहल आणि दोन आजोबा. आता सभागृह रिपब्लिकनांकडे आहे, ५८-५२. नोव्हेंबरच्या निवडणुकीने उलटं झालं.

समोरच्या भिंतीवर सगळ्यांची नावं असलेला फलक. मतदान पुकारलं की नावांपुढे दिवे लागतात, हिरवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. पहिल्या चार-पाच सेकंदांत जवळजवळ सगळा फलक भरतो. मग दोन-तीन नावं रिकामी राहतात. मी त्यातलं एक धरून पाहत बसले. बाकापाशी एक सहकारी आला, खांद्यावर हात ठेवून वाकला, काहीतरी बोलला. बसलेल्याने मान हलवली नाही. दुसरा आला. तोही वाकला. मिनिट गेलं असेल. दिवा हिरवा झाला, लगेच मतदान बंद.

इतिवृत्तात त्या माणसाचं नाव इतरांसारखंच येईल, त्याच रकान्यात, त्याच अक्षरात. ते मिनिट तिथे नसेल.

मग कामकाज थांबलं, दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या कॉकसला गेले. कॉकस म्हणजे पक्षाच्या सदस्यांची बंद दाराआडची बैठक. आपल्याकडच्या विधिमंडळ पक्षाच्या बैठकीसारखीच, पण अधिवेशन चालू असताना मधेच भरणारी. सज्जातल्या लोकांनी वाट पाहायची. मी पाऊण तास पाहिली. खरं मतदान आत चालू होतं, आणि माझ्या हातात येणार होता तो त्याचा निकाल.

२२ फेब्रुवारी

पहिला पूर्ण तक्ता तयार. बेरजा जुळल्या. आणि मला तो बघवत नाहीये.

दोन्ही पक्षांचे आकडे वरच्या टोकाला दाटीवाटीने बसलेत. एकमेकांतला फरक इतका बारीक की त्यावरून कोणाबद्दल काही बोलणं अन्याय होईल. त्यातून करेन व्हिटसेट यांची ओळ पाहिली. डेट्रॉइटच्या डेमोक्रॅट. त्या दोन वर्षांत पक्षाला सगळ्यात जास्त अडचणीत कोणी आणलं असेल, तर त्यांनी. २०२३ च्या शरदात गर्भपाताच्या हक्कांच्या विधेयकांचा संच आला तेव्हा २४ तास थांबण्याची अट रद्द करायला आणि मेडिकेडमधून (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून) खर्च द्यायला त्यांचा विरोध होता. ५६ मतांत त्यांचं मत धरूनच बहुमत. पक्षाने ते दोन भाग काढले आणि बाकीचं मंजूर करून घेतलं.

आमच्या तक्त्यात याची नोंद कशी आली? 'पक्षासोबत'. एका सदस्याने अख्ख्या पक्षाला विधेयक बदलायला लावलं, आणि टक्केवारी म्हणते ही पक्षासोबत होती. वास्तविक पक्ष तिच्यासोबत आला होता.

पुढे डिसेंबर २०२४. किमान वेतन आणि आजारपणाच्या रजेच्या कायद्यातले बदल हवेत म्हणून रिपब्लिकन १३ तारखेला सभागृहातून निघून गेले. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत व्हिटसेटही आल्या नाहीत. ५४ आणि १ गैरहजर, उरले ५५, गणपूर्तीला हवेत ५६. १९ तारखेला सभागृहाचं काम तिथेच संपलं. जानेवारीत बहुमत जाणार हे डेमोक्रॅटांना माहीत होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यासाठी राखलेली विधेयकं गेली ती गेलीच. आमच्या तक्त्यात त्या दिवशी काहीही घडलेलं नाही. मतदान नाही, म्हणून भाजकही नाही. पंचावन्न जणांपैकी एकाचाही आकडा तसूभर हलला नाही.

रात्री सांगलीच्या मामाशी बोलत होते. सरकारी कचेरीत जन्म काढलेला माणूस. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग गैरहजेरी मोजली का नाहीस? आपल्याकडं पक्षादेश असताना घरी बसला तरी आमदारकी जाते की."

मी फोन ठेवून भारताच्या राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट उघडलं. पक्षांतरबंदी, १९८५. पक्षाच्या आदेशाविरुद्ध जो मत देतो 'किंवा मतदान करत नाही', तो अपात्र, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या कायद्याने न दिलेलं मत हे मतच धरलंय. मिशिगनमध्ये असा कायदा नाही. प्रतोद इथेही असतात, पण सदस्यत्व घालवायची ताकद त्यांच्याकडे नाही. खांद्यावर हात ठेवून वाकणं एवढंच. तरी मोजायची रीत सांगलीहून आली.

१ मार्च

गैरहजेरीचं काम चालू. इतिवृत्ताच्या पहिल्याच पानावर हजेरी असते. आयाश यांच्यापासून आद्याक्षरांच्या क्रमाने एकेक नाव, पुढे हजर, रजेवर किंवा गैरहजर. शिवाय एक खूण असते, ती 'कामकाज सुरू झाल्यावर आले' अशांसाठी. दोन महिने हे पान आम्ही 'मजकूर नाही' म्हणून गाळत होतो.

आता प्रत्येक न दिलेल्या मताचे तीन प्रकार: त्या दिवशी रजेवर, त्या दिवशी गैरहजर, हजर असून या मताला नाही. शेवटचा सगळ्यात बोलका. नेब्रास्काचं उदाहरण वहिनीने काढलं. तिथलं विधिमंडळ एकाच सभागृहाचं, ४९ जणांचं, आणि मतपत्रिकेवर पक्ष छापतही नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये गर्भपातावर सहा आठवड्यांच्या मर्यादेचं विधेयक चर्चा थांबवण्याच्या ठरावावर अडलं. ३३ मतं हवी होती, ३२ पडली. मर्व्ह रिपी, रिपब्लिकन, विधेयकाच्या प्रस्तावकांपैकी एक, सभागृहात बसून होते आणि त्यांनी मत दिलं नाही. त्या एका न दिलेल्या मताने विधेयक गेलं. आमच्या जुन्या सूत्रात रिपी यांचा निष्ठेचा आकडा जसाच्या तसा राहिला असता.

पण गैरहजर म्हणजे फुटला, असंही धरता येत नाही. ४ जुलै २०२२ ला मुंबईत शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला १६४ विरुद्ध ९९ मतं पडली, तेव्हा काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोहोचले आणि दारं बंद झाली होती. कोण मुद्दाम, कोण वाहतुकीत, हे आकडा सांगत नाही. कोणाच्या घरी आजारपण असेल, बाळंतपण असेल. म्हणून गैरहजेरी टक्केवारीत मिसळायची नाही. शेजारी वेगळा रकाना करायचा, तारखांसकट.

९ मार्च

तक्त्याचं रूप पक्कं झालं. एका सदस्याला एक पान. वर टक्केवारी, तीन काळांची वेगवेगळी. मधे पक्षाविरुद्ध दिलेली मतं, विधेयकाच्या नावानिशी. खाली गैरहजेरीच्या तारखा. आणि ज्या विधेयकांत मतदानाआधीच एखाद्या सदस्यासाठी बदल झाला असं जाहीरपणे नोंदलं गेलंय, त्यांच्यावर दोन-दोन ओळी. क्रमवारी लावायची नाही, यावर माझं आणि लेकाचं कडाक्याचं भांडण झालं. क्रमवारी असली की लोक वाचतात, हे त्याचं म्हणणं खरं आहे. तरी नाही लावली. एका टक्क्याच्या फरकावर मी कोणाला कोणाच्या वर बसवणार नाही.

संध्याकाळी काकूंकडे गेले, त्यांच्या प्रतिनिधीचं पान छापून घेऊन. त्यांनी चष्मा चढवला, वरच्या आकड्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या. मग बोट हळूहळू खाली सरकवत नेलं आणि शेवटच्या रकान्यातल्या एका तारखेवर थांबवलं.

"या दिवशी कुठे होता गं हा?"

मी तिथेच फोनवर त्या दिवसाचं इतिवृत्त उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.